काटेकोर माणसाचं बळ आणि त्याचा जाच

ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक माणूस असा असतो, ज्याच्या जिवावर सोसायटी चालते आणि ज्याच्याबद्दल जिन्यात सगळ्यात जास्त कुजबुजही होते. बहुधा तो सेक्रेटरी असतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची हे त्याला तोंडपाठ. इतिवृत्त वेळेत लिहून तयार, पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, सिंकिंग फंडाचा हिशेब रुपयाला रुपया जुळलेला. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, असं उपविधीत आहे म्हणून तो ते करून घेतोच. "अहो, एवढी भक्कम बिल्डिंग आहे, कशाला उगाच खर्च?" असं अख्खी सभा म्हणत असताना तो एकटा उभा राहून कलम वाचून दाखवतो. नौपाडा, चरई, घंटाळी या भागांतल्या कित्येक जुन्या इमारती अशाच एखाद्या हट्टी माणसामुळे आज धड उभ्या आहेत.

हाच माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना, ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी सापडली म्हणून, सगळ्यांसमोर दंडाची नोटीस देतो. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय, हे त्याला ठाऊक असतं. "नियम सगळ्यांना सारखा," एवढंच तो म्हणतो. रात्री मात्र त्याचा डोळा लागत नाही. आपण चुकलो का, नोटीस मागे घेतली तर उद्या सगळेच सवलत मागतील का, आजींना काय वाटलं असेल, हे सगळं पहाटेपर्यंत डोक्यात फिरत राहतं.

ऑडिटसाठी उभं राहणं आणि आजींना नोटीस देणं, दोन्ही एकाच स्वभावातून येतं. हा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा असं मला कळकळीनं वाटतं. कारण अशी माणसं ज्या घरात, ऑफिसात, शाळेत असतात तिथलं काम उत्तम होतं, पण ती स्वतः आतून फार दमलेली असतात, आणि आजूबाजूचे त्यांच्यापासून हळूहळू लांब जात असतात.

ही माणसं मला मनापासून आवडतात. 'चालतंय की', 'बघू हो' म्हणत ढकलल्या जाणाऱ्या आपल्या रोजच्या जगण्यात कुठेतरी कुणीतरी एक जण नीट करत असतो म्हणून आपलं निभावतं. सुट्टे पैसे आठवणीनं परत देणारा टीएमटीचा कंडक्टर, रक्तपेढीत पिशवीवरचं लेबल तिसऱ्यांदा वाचणारी तंत्रज्ञ, पन्नासावी वहीसुद्धा पहिलीइतक्याच मन लावून तपासणाऱ्या बाई, 'चहापाणी' न घेता फाइल पुढे सरकवणारा कारकून. यांना कुणी शाबासकी देत नाही, कारण नीट झालेलं काम दिसतच नाही. बिघडलेलं तेवढं दिसतं.

मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मोठे घटक मानतात त्यांतला एक म्हणजे कर्तव्यदक्षता. ज्यांच्यात तो जास्त, ती माणसं वेळ पाळतात, हातात घेतलेलं तडीस नेतात, दिलेला शब्द विसरत नाहीत. अमेरिकेत १९२१ साली लुईस टर्मन यांनी सुमारे दीड हजार हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला होता आणि तो पुढे त्यांच्या आयुष्यभर चालला. त्या नोंदींवरून हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवलं, की लहानपणी जी मुलं जास्त कर्तव्यदक्ष होती ती सरासरीनं जास्त जगली. तेव्हा शिस्त, नेम, जबाबदारीची जाणीव ही काही आजाराची लक्षणं नाहीत. आयुष्य वाढवणारी पुंजी आहे ती.

ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या कुणाला विचारलंत तर ते कदाचित 'एनिअग्राम'चं नाव घेतील. ऑफिसच्या कार्यशाळांत ही नऊ स्वभावांची मांडणी बरीच चालते. ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारान्हो या दक्षिण अमेरिकेतल्या दोघांनी १९७०च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. तिच्यातला पहिल्या क्रमांकाचा स्वभाव म्हणजे सुधारक, तत्त्वनिष्ठ, परिपूर्णतेचा ध्यास घेतलेला. या मांडणीला संशोधनाचा पाया कच्चा आहे, म्हणून एखाद्या चाचणीत 'तुम्ही नंबर एक' असं आलं की तेच आपलं विधिलिखित समजू नये. तिच्यातलं एक निरीक्षण मात्र मला फार नेमकं वाटतं: या माणसाची मूळ भावना राग आहे, आणि तो राग तो स्वतःपासूनही लपवतो. त्याकडे पुढे येते.

परफेक्शनिझमवर, म्हणजे परिपूर्णतेच्या या ध्यासावर, खरा पद्धतशीर अभ्यास गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला. डॉन हॅमाचेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दोन प्रकारची माणसं वेगळी केली. एकाला बारीक काम करण्यात आनंद मिळतो, आणि परिस्थिती पाहून तो हात सैलही सोडू शकतो. दुसऱ्याला कितीही केलं तरी ते पुरेसं वाटत नाही. बाहेरून दोघांचं काम सारखंच सुबक दिसतं. पुढे १९९० साली रँडी फ्रॉस्ट यांच्या गटानं परफेक्शनिझम मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात सहा बाजू आहेत, पण आपल्या कामाच्या दोन: निकष किती उंच आहेत ही एक, आणि चूक होण्याची धास्ती किती आहे ही दुसरी. आपण या दोन्ही एकच समजतो. त्या एक नाहीत. निकष उंच असणारी माणसं बऱ्याचदा समाधानी असतात. धास्ती मोठी असणाऱ्यांच्या वाट्याला मात्र काळजी, उदासी, निद्रानाश जास्त येतो.

आपण यांतले कोण, हे ओळखायला काम चालू असतानाचं काही बघू नये. काम संपल्यावर काय होतं ते बघावं. गणपतीची सजावट पूर्ण झाली, लोक येऊन "वा, काय सुंदर!" म्हणाले. त्या क्षणी मनात समाधान आलं, की डाव्या बाजूची माळ दोन बोटं खाली आलीय हेच दिसत राहिलं? परीक्षेत ९४ टक्के मिळाले. त्या संध्याकाळी तलावपाळीवर आइस्क्रीम खाताना ते ९४ आठवले की ते सहा? ऑक्सफर्डचे रॉझ शाफ्रन, झफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी २००२ साली याची एक खूण सांगितली. या माणसांनी ध्येय गाठलं की ती लगेच म्हणतात, 'ते सोपंच होतं', आणि निकष आणखी वर नेतात. ध्येय चुकलं की म्हणतात, 'मीच नालायक'. जिंकण्याची सोयच उरत नाही. त्यांच्या मते मूळ दुखणं निकषाच्या उंचीत नसतंच. आपली माणूस म्हणून असलेली सगळी किंमत त्या एका निकषाला बांधून टाकलेली असते, तिथे ते असतं.

हे बांधून टाकणं घडतं आतल्या आवाजामुळे. प्रत्येक काटेकोर माणसाच्या मनात एक मास्तर बसलेला असतो, आणि तो सुट्टी घेत नाही. कॅरेन हॉर्नाय या मनोविश्लेषक बाईंनी १९५०मध्ये लिहिलं होतं, की माणूस स्वतःवर 'मी असंच असायला हवं' अशा हुकमांची जुलमी राजवट लादून घेतो: मी कायम समजूतदार असायला हवं, मी थकता कामा नये, मला राग येता कामा नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती सुरू केली ती याच हुकमांवर बोट ठेवून. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवणाऱ्यांत कि. मो. फडके यांचं नाव आधी घ्यावं लागतं. आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं ती साध्या मराठीत सामान्य घरांपर्यंत नेली. त्यामुळे ठाणेकरांना हे विचार तसे परके नाहीत.

एलिस यांचा मुद्दा असा: इच्छा आणि हट्ट यांत फरक करा. 'मुलीच्या लग्नात सगळं वेळेवर व्हावं अशी माझी फार इच्छा आहे' असं म्हणणारी बाई जेवण अर्धा तास उशिरा आलं की चिडते, केटररला फोन लावते, तोवर सरबत फिरवते. 'सगळं वेळेवर झालंच पाहिजे, नाहीतर माझं नाक कापलं' असं धरून बसलेली बाई त्याच अर्ध्या तासात खोलीत जाऊन रडते, आणि पुढे कित्येक वर्षं त्या लग्नाचे फोटो उघडत नाही. इच्छा दोघींचीही तेवढीच तीव्र होती. पहिलीनं काहीही सोडून दिलेलं नाही.

आता रागाबद्दल, कारण घरं पोखरतो तो हाच.

नेरुळमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे. रविवारी दुपारी तो दोरीवरचे कपडे काढून, बसून घड्या घालतो. टी-शर्टच्या चौकोनी, टॉवेलच्या दोन पदरी, सगळं पलंगावर मांडून ठेवतो. ती आंघोळ करून येते, बघते, काही बोलत नाही. टॉवेल उचलून झटकते आणि तीन पदरी घडी घालते. मग दुसरा टॉवेल. मग टी-शर्टांच्या बाह्या आत वळवून पुन्हा. तो दारात उभा राहून हे बघत असतो.

"अगं, घातल्यात की घड्या."

"हो, घातल्यास ना. मी नुसतं कपाटात बसतील अशा करतेय. तू कर तुझं काम."

आवाज अगदी शांत. पण कपाटाचं दार नेहमीपेक्षा जरा जोरात बंद होतं. पुढच्या रविवारी तो घड्या घालत नाही. कपडे खुर्चीवर पडून राहतात, आणि रात्री ती म्हणते, "या घरात मी सोडून कुणाला काही दिसतच नाही."

तिचं खोटं नाही. तिला खरोखरच सगळं करावं लागतंय. पण ते तसं का झालं, याचं एक टोक त्या तीन पदरी घडीत आहे. दुसऱ्यानं केलेलं काम गुपचूप पुन्हा करणं हा काटेकोर माणसाचा सगळ्यात महागात पडणारा शिरस्ता आहे. शब्द एकही वावगा नसतो, म्हणून त्याला भांडणही म्हणता येत नाही. समोरच्याला मात्र स्वच्छ ऐकू येतं: तुझं केलेलं चालत नाही. मग तो करणं सोडतो. मग सगळं हिच्यावर पडतं. मग हिचा राग वाढतो, आणि आपण रागावलोय हेही ती मान्य करत नाही, कारण शहाण्या माणसानं रागावू नये असा आतल्या मास्तरचा आणखी एक हुकूम असतो. तो राग मग भांड्यांच्या आवाजातून, 'काही नाही' या उत्तरातून, मानेच्या आणि जबड्याच्या दुखण्यातून बाहेर येत राहतो.

हे फक्त बायकांचं नाही. वर सांगितलेले सेक्रेटरी हेच करतात: खजिनदारानं केलेली एक्सेल शीट रात्री बसून पुन्हा करतात, आणि पुढच्या सभेत 'कमिटीत कुणी कामच करत नाही' म्हणतात. कॅनडातले पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१मध्ये परफेक्शनिझमच्या तीन दिशा दाखवल्या: स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, इतरांकडून तीच अपेक्षा, आणि जग माझ्याकडून ती करतंय असं वाटत राहणं. पहिली स्वतःला दमवते, दुसरी नाती सुकवते. तिसरी सगळ्यात घातक, कारण तिच्यात निकषच आपल्या हातात नसतो.

दुसरा खड्डा उशिराचा. काटेकोर माणूस कामचुकार कसा असेल, असं वाटतं. पण अर्धवट राहिलेली कामं याच लोकांकडे ढिगानं सापडतात. शुक्रवारी द्यायचं प्रेझेंटेशन सोमवारपर्यंत 'अजून एकदा बघते' म्हणून अडकून पडतं. पहिल्या ओळीतच शब्द मनासारखा बसत नाही म्हणून पत्र लिहिलंच जात नाही. उपवनला रोज सकाळी फिरायला जायचं ठरतं, पावसात दोन दिवस खंड पडतो, आणि 'आता काय, मोडलाच नेम' म्हणून बूट कपाटात जातात. सगळं किंवा काहीच नाही, या दोन टोकांच्या मधली जागाच त्यांना दिसत नाही. ब्रायन स्वायडर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नोकरदारांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. परफेक्शनिस्ट लोक जास्त मेहनती आणि कामात जास्त गुंतलेले आढळले. थकवा आणि ताणही त्यांच्यात जास्त आढळला. आणि कामाचा दर्जा मात्र एकंदरीत इतरांपेक्षा सरस ठरला नाही. एवढं सोसून पदरात काय पडतं, हा विचार करायला लावणारा निष्कर्ष आहे.

मग किती काटेकोर असावं? याचं मला पटलेलं उत्तर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत आहे. रबाळे-तुर्भे पट्ट्यातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये क्वालिटीच्या टेबलाशी उभं राहून बघा. शाफ्टच्या ड्रॉइंगवर नुसतं '२५ मिलिमीटर' लिहिलेलं नसतं. किती कमी-जास्त चालेल तेही शेजारी लिहिलेलं असतं. त्याला तिथे टॉलरन्स म्हणतात. जिथे बेअरिंग बसणार तिथे मिलिमीटरचे शंभरावे भाग मोजायचे, त्यासाठी मायक्रोमीटर. त्याच शाफ्टच्या मोकळ्या टोकाला थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, तिथे व्हर्निअर हे कमी बारीक मोजणारं साधन लावून पुढे. सगळीकडेच शंभराव्या भागाचा टॉलरन्स मागितला तर प्रत्येक पृष्ठभाग ग्राइंडिंगला पाठवावा लागेल, पार्टची किंमत कितीतरी वाढेल, आणि मशीनला त्याचा काडीचा उपयोग नाही. भोक तपासायच्या प्लग गेजला दोन टोकं असतात. 'गो' टोक आत गेलं पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. दोन्ही जमलं की पार्ट पास, ट्रेमध्ये. अगदी मधोमध का आला नाही म्हणून इन्स्पेक्टर रात्रभर जागत नाही. आणि 'नो-गो' आत गेलं तर मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी तो पार्ट पास होत नाही.

काटेकोरपणाच्या धंद्यातल्या लोकांना हे पहिल्या दिवसापासून शिकवतात: काटेकोरपणा कुठे लावायचा ते आधी ठरवा. सेक्रेटरींच्या बाबतीत स्ट्रक्चरल ऑडिट, लिफ्टची देखभाल, पैशांचा हिशेब या बेअरिंगच्या जागा. तिथे त्यांनी तसूभर हटू नये, असंच मी म्हणेन. नोटीसबोर्डावरच्या कागदाची पिन कुठल्या कोपऱ्यात लावली, ही मोकळी बाजू. आजींची पिशवी? नियम कशासाठी आहे ते बघितलं की कळतं. कचरा वेगळा व्हावा हा हेतू; तो आजींकडे कामाला येणाऱ्या ताईंना दोन शब्द नीट समजावून सांगितले तरी साधतो.

तत्त्वनिष्ठ माणसाची खरी परीक्षा इथेच असते, आणि याबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. तत्त्वाचा माणूस बहुतेक वेळा बरोबर असतो. अडचण अशी, की आपण बरोबर आहोत याची खात्री माणसाला कठोर व्हायचा परवाना देते. लाच न देणारा माणूस, नाइलाजानं लाच दिलेल्या रिक्षावाल्याकडे तुच्छतेनं बघू लागतो. वेळ पाळणारी बाई, ट्रान्स हार्बर लोकल बंद पडल्यामुळे उशिरा आलेल्या ट्रेनीला कारणही विचारत नाही. मग लोक त्यांचं म्हणणं चूक आहे म्हणून नाही, तर त्या म्हणण्याखाली आपल्याला कमी लेखलं जातंय म्हणून ते ऐकेनासे होतात. तत्त्वाचं नुकसान असं तत्त्वाच्या माणसाकडूनच होतं. महाराष्ट्राला सुधारकांची मोठी परंपरा आहे, आणि त्यातल्या गोपाळ गणेश आगरकरांइतका तडजोडीला नकार देणारा माणूस विरळा. त्यांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढलं. 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार' हा त्यांचा बाणा. बोलण्यात इंचभर माघार नाही, आणि करण्यात आज हाताला जे येतं ते करून टाकायचं. जे साध्य नाही त्यासाठी स्वतःला फटके मारत बसायचं, असं त्यात कुठेही नाही.

मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून जास्त महाविद्यालयीन मुलांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र केली. स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा या काळात १० टक्क्यांनी वाढली, इतरांकडूनची १६ टक्क्यांनी, आणि 'जग माझ्याकडून परिपूर्णता मागतंय' ही भावना ३३ टक्क्यांनी. आकडे तिकडचे आहेत. पण घोडबंदर रोडनं जाताना क्लासच्या होर्डिंगांवर फोटो, रँक आणि पॉइंटनंतर दोन आकडे असलेले टक्के वाचत जाणाऱ्या आपल्या दहावीतल्या मुलाला ती तिसरी भावना समजावून सांगावी लागत नाही.

घरात आपण ओरडत नाही, मारत नाही, म्हणून दडपण नाही असं आई-बाबांना वाटतं. मूल वेगळंच वाचत असतं. चांगले मार्क आले त्या दिवशी घरात हसणं-बोलणं, बाहेरून पावभाजी. कमी आले त्या दिवशी कुणी रागावत नाही, फक्त सगळे जरा गप्प असतात. एवढंच पुरतं. आपण आवडते असणं मार्कांवर आहे, हा हिशेब मूल मनात मांडून टाकतं. त्यावर उपाय निकष खाली आणण्याचा नाही. "या वेळी गणितात काय अडलं ते उद्या बघू, आत्ता चल, जेवायला" हे वाक्य आणि त्यानंतर ताटावर रोजच्यासारख्याच गप्पा, हा आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३मध्ये 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली होती. बाळाच्या प्रत्येक हाकेला अचूक ओ देणारी आई त्यांना अपेक्षितच नव्हती. मूल जसजसं झेपेल तसतशी जरा जरा कमी पडणारी आईच त्याला जगात उभं राहायला शिकवते, असं ते म्हणत. स्वतःवर कायम चरफडणाऱ्या आयांनी हे वाचून थोडा श्वास घ्यावा.

आणखी एक गल्लत दूर करायला हवी. घर टापटीप ठेवणारा कुणीही हल्ली सहज म्हणतो, "मला ना, ओसीडी आहे." ओसीडी हा वेगळा आजार आहे. त्यात नको असलेले विचार मनात घुसतात, कुलूप वीस वेळा ओढून बघावं लागतं, हात सोलवटेपर्यंत धुवावे लागतात, आणि हे निरर्थक आहे असं बहुतेकांना स्वतःलाच कळत असतं, म्हणून ते तळमळतात. काटेकोर स्वभाव टोकाला गेला की होते ती व्यक्तिमत्त्वाची विकृती, ओसीपीडी. तिथे माणसाला आपलं काहीच चुकत नाही असं वाटतं, जग गबाळं आहे असं वाटतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं तिची आठ लक्षणं दिली आहेत आणि निदानासाठी किमान चार लागतात: तपशिलात इतकं गुंतणं की मूळ कामच राहून जावं, दुसऱ्यावर काम सोपवता न येणं, कामापायी मित्र आणि विरंगुळा सोडून देणं, अशी. आपल्यातले बहुतेक काटेकोर लोक यांतल्या कशातच बसत नाहीत. पण झोप उडाली असेल, घरचे बोलेनासे झाले असतील, एखाद्या चुकीनंतर जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

स्वतःपुरतं करून बघता येण्यासारखं बरंच आहे, पण मी दोन-तीनच गोष्टींवर भर देईन. पहिली, राग आला की त्याच दिवशी, साध्या शब्दांत, कामाबद्दल बोलणं. "टॉवेल तीन पदरी घातले तरच कपाटात बसतात, तेवढं बघशील?" हे वाक्य टॉवेल हातात घेण्याआधी म्हणायचं. आणि त्यानं पुन्हा दोन पदरी घातलेच, तर ते तसेच कपाटात कोंबायचे. हे फार कठीण जातं. पहिले काही दिवस कपाट उघडलं की पोटात गोळा येतो. मानसोपचारात असे छोटे प्रयोग मुद्दाम करायला लावतात. चूक तशीच राहू द्यायची आणि काय अनर्थ होतो ते प्रत्यक्ष बघायचं. अनर्थ होत नाही हे कुणी सांगून पटत नाही, अनुभवानंच पटतं.

दुसरी, कामाला सुरुवात करण्यापूर्वीच ते कुठे थांबवायचं हे लिहून ठेवणं. रिपोर्ट दोनदा वाचणार, साडेसहाला पाठवणार. सुरुवात करताना डोकं शांत असतं, म्हणून तेव्हा ठरवलेलं सहसा बरोबर असतं.

तिसरी, स्वतःशी बोलण्याचा सूर. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन संशोधिका २००३पासून स्वतःबद्दलच्या करुणेवर काम करत आहेत. काटेकोर माणसाला हा शब्द ऐकूनच संशय येतो, कारण आतला मास्तर गेला तर आपण आळशी होऊ अशी त्याला भीती असते. नेफ आणि इतरांच्या अभ्यासांत उलटंच दिसलं. चुकीनंतर स्वतःशी मायेनं बोलणारी माणसं निकष सोडत नाहीत, ती पुन्हा लवकर उभी राहतात. जवळच्या मैत्रिणीकडून हीच चूक झाली असती तर तिला आपण काय म्हटलं असतं, तेच शब्द स्वतःला म्हणून बघावेत. मोठ्यानं म्हटले तर जास्त बरं.

अशा माणसाबरोबर राहणाऱ्यांनाही काही सांगायचंय. "एवढं काय मनाला लावून घेतेस" किंवा "सोड ना, कोण बघतंय" असं म्हणू नका. त्यांना त्यातून एवढंच ऐकू येतं, की आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं ते इथे कुणालाच वाटत नाही. तुम्ही सातला येतो म्हणालात तर सातला या. उशीर होणार असेल तर साडेसहाला फोन करा. या माणसांचा अर्धा ताण, दुसरे शब्द पाळणार नाहीत हे गृहीत धरून सगळ्याची तयारी एकट्यानं करून ठेवण्यात जातो. त्यांची चूक दाखवायची वेळ आली तर एकांतात दाखवा आणि कामाबद्दलच बोला, स्वभावावर जाऊ नका. स्वभावाचा पाढा त्यांनी स्वतःला आधीच पाठ करून ऐकवलेला असतो. आणि त्यांनी न सांगता केलेलं एखादं काम नेमकं नाव घेऊन सांगा. "तुम्ही खूप करता हो" यानं काही होत नाही. "काका, मागच्या वर्षी तुम्ही भांडून ऑडिट करून घेतलंत, म्हणून गच्चीच्या बीमचा तडा वेळेत कळला," असं म्हणा. मग जरा थांबून, चहा घेता घेता, आजींच्या नोटिशीचा विषय काढा.